वर्ध्याच्या काकूंना, लंडनहून

प्रिय काकू,
शि. सा. न.

तुम्ही लेकीकडे नागपूरला कायमच्या निघालात, तेव्हा निरोपाला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मीटिंग हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या रविवारच्या जागी, जो तो चार शब्द बोलला. माझी पाळी आली आणि मला इंग्रजीत काही सुचेना, म्हणून नुसतं "थँक यू" म्हणून मी कपबशा विसळायला गेले. राहिलेलं आज मराठीत लिहिते. चारचौघांसमोर लिहिते, कारण आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की आपण दोघी दर रविवारी चर्चला जायचो.

माझ्या आईलाही तेच वाटलं होतं. साताऱ्याहून फोनवर रडायला लागली, पोरगी तिकडं जाऊन बाटली म्हणून. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि म्हणालात, "अवो ताई, बाटवायले तिथं पाद्री तं असाले पाह्यजे ना!" आई रडता रडता हसली. मग तुम्ही तिला तुमच्या घरच्या महालक्ष्म्यांचं सांगत बसलात, लंडनमध्ये सोळा भाज्या गोळा करताना काय नाकी नऊ येतात ते. त्यानंतर तिने मला रविवारबद्दल कधी विचारलं नाही. तुमच्याबद्दल मात्र दर फोनला विचारते.

खरंच तिथे पाद्री नसतो. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे एक टेबल, त्यावर कुणाच्या तरी परसातली फुलं. तासभर सगळे गप्प बसतात. कुणाला अगदी आतून बोलावंसं वाटलं तर उठून चार वाक्यं बोलतो आणि बसतो, त्यावर वाद नाही की उत्तर नाही. शेवटी दोन ज्येष्ठ माणसं हस्तांदोलन करतात, की झालं, मग चहा. मी पहिल्यांदा आले ती केअर होमची रात्रपाळी करून, थेट. दहा मिनिटांत मान कलली. चांगली घोरत होते म्हणे. कुणी उठवलं नाही. नंतर तुम्ही चहा देताना एवढंच म्हणालात, "झोप लागली ना? मग जागा बरी आहे."

क्वेकर म्हणजे काय हे मला तुम्ही कधी समोर बसवून सांगितलं नाही. भाजी निवडता निवडता, बसची वाट बघता बघता तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या मागे जमलेली ही माणसं, १६६०-६१ च्या सुमारास यांनी राजा दुसरा चार्ल्स याला लेखी कळवलं की कुठल्याही कारणासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही. १९४७ चं शांततेचं नोबेल यांच्याच ब्रिटिश आणि अमेरिकन संस्थांना मिळून दिलं गेलं, युद्धात होरपळलेल्यांसाठी केलेल्या कामाबद्दल. पण तुमचा आवडता धागा वर्ध्याचा. तुमचे वडील सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या शाळेत शिकवायचे, आणि तिथेच काम करणाऱ्या मार्जरी साइक्स या क्वेकर होत्या, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. १९२८ साली मद्रासच्या एका शाळेत शिकवायला आलेली ही इंग्रज बाई पुढे शांतिनिकेतन करून सेवाग्रामला पोचली. मी सातारची असून मला हे नाव लंडनमध्ये कळलं! हॉरेस अलेक्झांडर यांचंही तसंच. बर्मिंगहॅमला वुडब्रुक या क्वेकर संस्थेत शिकवणारे, पक्ष्यांच्या मागे वेडे झालेले हे गृहस्थ. गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी १९३१ च्या ऑक्टोबरात तिथे मुक्कामाला होते. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला, दिल्लीत रोषणाई चालू असताना, दंगलग्रस्त कलकत्त्याच्या बेलियाघाटात गांधीजींसोबत जी मोजकी माणसं होती त्यात हेही होते. दंगलीच्या गावात जाऊन राहायचं, बस. तुम्ही हे इतक्या वेळा सांगितलंत की मला वाटायचं, काकूंकडे दुसरी गोष्टच नाही का?

मग २०२४ चा ऑगस्ट आला.

जुलै सरता सरता इंग्लंडातल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला होता, मारेकरी कोण याबद्दल खोटी अफवा पसरली, आणि गावोगावी जमाव मशिदींवर नि देशात आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांवर चालून गेला. आमच्या केअर होममधल्या निम्म्या मुली केरळच्या, झिंबाब्वेच्या, फिलिपिन्सच्या. रात्री साडेनऊला बसस्टॉपवर एकटं उभं राहायचं कसं? वरिष्ठांनी "काळजी घ्या" असा मेसेज पाठवला होता, तेवढाच. मी हे तुमच्याकडे सहज बोलले. तुम्ही "घाबरू नको" म्हणाला नाहीत, त्याबद्दल आधी आभार. तुम्ही शाळकरी मुलांची असते तसली आडव्या रेघांची वही काढलीत आणि रकाने आखलेत: नाव, फोन, ड्यूटी कधी सुरू, कधी सुटते, कोणाकडे गाडी आहे. घरच्या लँडलाइनवरून मीटिंगच्या एकेकाला फोन लावत गेलात. मोबाइलवर ग्रुप करा म्हटलं तर म्हणालात, ग्रुपवर लोक अंगठा दाखवतात, फोनवर हो किंवा नाही म्हणावं लागतं.

त्याच रात्री दारात गाडी. चालवणारे निवृत्त गणित शिक्षक, कानाला यंत्र, ताशी वीस मैलांच्या वर जायचं नाही असा जणू पण केलेला. पुढचे कित्येक दिवस कोणी ना कोणी येत राहिलं. मधे ६ तारखेला तुम्ही मला लंडनमधल्याच टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत नेलंत, हिरोशिमाच्या मृतांसाठी १९६७ मध्ये लावलेल्या चेरीच्या झाडापाशी; आणि ७ तारखेला संध्याकाळी लंडनच्याच वॉल्थमस्टो भागात. तिथे दंगलखोर येणार अशी हवा होती, आणि आले ते त्यांच्या विरोधातले हजारो लोक. त्या गर्दीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. वहीचा फोटो कुणी काढला नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

स्टेशनबाहेर शनिवारी तासभर नुसतं उभं राहायचं, शांततेचा फलक धरून, न बोलता, हेही तुम्हीच शिकवलंत. त्याचंही तंत्र असतं हे मला माहीत नव्हतं. हात खिशात घालायचे नाहीत, समोरच्याला दिसले पाहिजेत. पाय थोडे फाकवून, गुडघे ताठ न ठेवता, नाहीतर चाळिसाव्या मिनिटाला चक्कर येते. कोणी अंगावर ओरडत आला तर मान खाली घालायची नाही, आणि त्याच्या डोळ्यांतही रोखून बघायचं नाही. त्याच्या खांद्याकडे बघायचं. एकदा एक जण कुत्रं घेऊन आला आणि "जा आपल्या देशात" वगैरे सुरू झाला. तुम्ही हळूच सरकून त्याच्या आणि माझ्या मधे आलात, पाच फुटांच्या आतल्या, स्वेटरवर स्वेटर घातलेल्या. तो बोलून बोलून निघून गेला. तुम्ही मला विचारलंत, "घड्याळात बघ गं, किती राहिलं?" वीस मिनिटं राहिली होती. आपण ती उभ्या राहिलो.

आता जे मला सगळ्यात अवघड होतं ते. आमच्या गावापासून आपशिंगे जवळच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, म्हणून नावापुढे 'मिलिटरी' लागलं. माझे वडील फौजेत होते, चुलते होते, घरात फोटोतले सगळे गणवेशात. आणि तुम्ही मला १५ मेला पुन्हा त्याच टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला बोलावत होतात, युद्धावर जायला नकार देणाऱ्यांच्या स्मारकाशी. १९९४ मध्ये बसवलेली ती मोठी पाटीच्या दगडाची शिळा. तिथे अशा लोकांची नावं वाचतात, पांढरी फुलं ठेवतात. थोड्या अंतरावर गांधीजी मांडी घालून बसलेले. मी तुम्हाला म्हणाले, काकू, मला इथे उभं राहवत नाही, वडिलांना काय वाटेल? तुम्ही म्हणालात, मग बाकावर बस. बाकावरही बसता येतं. मी बसले. मला अजूनही सगळं पटलेलं नाही. सीमेवर कोणी उभंच राहिलं नाही तर काय, याचं उत्तर मला रविवारच्या त्या खोलीत मिळालेलं नाही, आणि तुम्ही ते मिळाल्याचं नाटकही कधी केलं नाहीत.

त्या नोव्हेंबरात मात्र तुम्ही मला एक पांढरं पॉपी, म्हणजे कोटाला लावायचं कृत्रिम फूल, दिलंत. इथे सैनिकांच्या आठवणीसाठी लाल पॉपी लावतात. पांढरं १९३३ पासूनचं, बायकांच्या सहकारी संघटनेने सुरू केलेलं, युद्धात बळी गेलेल्या सगळ्यांसाठी, सैनिक नि नागरिक, कुठल्याही देशाचे. तुम्ही म्हणालात, "हे तुझ्या त्या सेहेचाळीस जणांचंही आहे. लाल लावायचं असेल तर तेही लाव, कोटाला जागा आहे." मी दोन्ही लावली. वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, पांढरं कसलं? मी सांगितलं. बराच वेळ काही आलं नाही, मग लिहिलं, "४६ नावं पाठवू का?"

कौतुकच कौतुक झालं, थोडी तक्रारही करते. तुमच्या त्या कामकाजाच्या सभा! मतदान नाही, सगळ्यांचा कौल एका बाजूला झुकेपर्यंत थांबायचं, आणि क्लार्कने, म्हणजे सभा चालवणाऱ्याने, ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवायचा. बाहेर युद्धबंदीच्या मागणीचा फलक लावायचा की नाही यावर किती रविवार गेले! आपल्या गणेश मंडळात तेवढ्यात वर्गणीची दोन भांडणं होऊन मिटलीही असती. मी एकदा चिडून म्हणाले की हा सावकाशपणा ज्यांना पाळीवर जायचं नसतं त्यांना परवडतो. तुम्ही रागावला नाहीत. पुढच्या सभेत तुम्ही माझं नाव न घेता तेच उभं राहून सांगितलंत, आणि महिन्यातली एक सभा संध्याकाळी ठेवायचं ठरलं, रात्रपाळीवाल्यांना येता यावं म्हणून. त्यालाही वेळ लागला, तो भाग वेगळा.

वही आता माझ्याकडे आहे. कानाला यंत्र असलेल्या गुरुजींनी डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे गाडी बंद केलीय, त्यांच्या जागी दोन नवी नावं मिळालीत, पैकी एक आपल्या मंडळातलं आहे. कोण ते ओळखा. चहाच्या मोठ्या भांड्याची तोटी अजून गळते. तुम्ही ती कशाने बांधायचात ते तेवढं कळवा. आणि आई म्हणतेय, नागपूरच्या बाजूला आले तर वर्ध्याला जाऊन सेवाग्राम बघीन, तुम्ही सोबत याल का?

तुमची,
साताऱ्याची पोरगी