एप्रिलमध्ये नेपल्सला जायचंय, आई-बाबा

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू की" म्हणून विषय बदलला असता, आणि आई, तू लग्नपत्रिका काढून तारखा वाचायला बसली असतीस. म्हणून पत्रच लिहितेय. एप्रिलची विमानाची तिकिटं काढली आहेत, तुम्हा दोघांची आणि माझी. मुंबईहून रोम, तिथून रेल्वेने नेपल्स. आठवडाभर राहायचं आणि परत यायचं. पाडव्याची गुढी आपल्याच दारात उभी राहील, हरभरा आणि ज्वारी तोवर घरात आलेली असेल. दादा-वहिनीशी माझं बोलणं झालंय. शेताकडं आणि जनावरांकडं दादा बघणार, घराकडं वहिनी. कुणाचा आहेर पोचवायचा राहिला तर तोही ती पोचवणार आहे.

पैशाचं आधीच सांगून टाकते, नाहीतर बाबा, पुढचं सगळं तुम्ही मनात हिशेब करत वाचाल. कर्ज काढलेलं नाही. फ्लॅटच्या हप्त्याला हात लावलेला नाही. या सहलीसाठी म्हणूनच एक आवर्ती ठेव चालू होती, ती दिवाळीत पूर्ण झाली. त्या पैशात आणखी काही करता आलं असतं हे मलाही कळतं. पण माझ्यासाठी विकलेल्या शेताच्या वरच्या पट्टीबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, मीही काढत नाही. ती पट्टी होती म्हणून मी आज देश बघत फिरतेय, एवढं मात्र म्हणू द्या.

आणि दवाखान्याचं. बाबा, स्टेंट बसल्याचं तुम्ही मला नंतर कळवलंत, "लेकराला कशाला घोर" म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं जे चाललं होतं ते थांबवायचं, हे तेव्हाच ठरलं. लातूरला येऊन डॉक्टरांना मी स्वतः भेटलेय. विमानात बसायला, सपाटीवर चालायला त्यांची हरकत नाही. दमायचं नाही आणि गोळी चुकवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आई, मी कुठूनही परत आले की तू विचारतेस, "सगळ्यात जास्त काय आवडलं गं?" आणि मी दरवेळी "सगळंच छान होतं" म्हणून बॅग उघडायला लागते. आज नीट सांगते.

जपान देखणं आहे, माणसं फार अदबीची आहेत, पण तुला तिथं नेणार नाही. साध्या दिसणाऱ्या रश्श्यातसुद्धा माशाचा अर्क असतो, तू उपाशी राहशील.

इस्तंबूलची गोष्ट वेगळी. तिथं जमिनीखाली एक टाकं आहे, बॅसिलिका सिस्टर्न नावाचं. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेलं. आत 336 खांब, प्रत्येक जवळजवळ तीस फूट उंच, आणि पूर्वी सुमारे 8 कोटी लिटर पाणी मावायचं. दुरून, जंगलातून पाटाने आणलेलं पाणी. आता तळाशी थोडंसंच ठेवतात आणि वरच्या पुलावरून लोक फोटो काढत फिरतात. मला फोटो सुचेना. मला 2016 चा एप्रिल आठवत होता, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते दिवस. बाबा पहाटे घागरी नंबराला लावायचे, आणि आई, तू भाजी धुतलेलं पाणी तुळशीला नि उरलेलं मोरीत वापरायचीस. पन्नास डब्यांच्या त्या गाडीत 25 लाख लिटर पाणी यायचं. तशा बत्तीस गाड्या त्या एका टाक्यात मावल्या असत्या. बाबा, तुम्ही वर्गात मलिक अंबरची नहर शिकवताना फळ्यावर पाणचक्कीची आकृती काढायचात. हे टाकं तुम्ही बघितलं असतं तर तासभर तिथून हलला नसतात. पण तिथं पायऱ्या उतरून ओलसर अंधारात चालावं लागतं, म्हणून या खेपेला तेही नाही.

आता नेपल्स. तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक बाई आहे. वीतभर उंचीची. 1938 साली पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात सापडलेली. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं, म्हणजे ही त्याच्याही आधी समुद्र ओलांडून तिथं पोचली होती. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. ती यक्षी असावी असंही बरेच जण मानतात. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी उभ्या आहेत. हातात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, तांड्यावरच्या बायका घालायच्या तशा. पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे. मी काचेला वळसा घालून मागं गेले तर पाठीवर केसांची अशी काही गुंफण, की कुणीतरी तासभर बसून घातली असावी. अंगावर दागिनेच आहेत, वस्त्र असं नाही, पण तिच्याकडं बघताना अवघडल्यासारखं होत नाही.

आणि अगदी याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडं सापडल्या त्या दोन ठिकाणी: तेर आणि भोकरदन. ही बाईसुद्धा भोकरदनलाच घडली असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेत. भोकरदन, आई! तुझं माहेर. आजोळी गेल्यावर आम्ही पांढरीच्या मातीत मणी शोधायचो आणि तू ते दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधायचीस. मामा ओरडायचा, "कुठली घाण आणायल्यात लेकरं." ते मणी कुणाचे होते, किती जुने होते, देव जाणे. पण सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत, आणि भोगवर्धन म्हणजे तेच भोकरदन. तिथं काचेपुढं उभी राहून मला मोठ्यानं सांगावंसं वाटत होतं, ही माझ्या आईच्या गावची आहे. सांगायला शेजारी कुणी नव्हतं. एवढ्या लांब येऊन जे दिसलं ते ज्यांचं होतं त्यांनाच दाखवता येईना, ही बोच मनातून जाईना. नेपल्स ठरलं ते त्या दिवशीच.

बाबा, तुमच्यासाठीही आहे. तुम्ही मला छोट्या गाडीने तेरला न्यायचात, गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन झालं की लामतुऱ्यांच्या संग्रहालयात. काचेपर्यंत माझा हात पोचायचा नाही तर कडेवर घेऊन मातीच्या बाहुल्या दाखवायचात, आणि "हे तगर, रोमला माल जायचा इथून" असं सांगायचात. मला तेव्हा रोम म्हणजे औशाच्या पलीकडचं गाव वाटायचं. पहिल्या शतकातल्या त्या ग्रीक व्यापारी टिपणात लिहिलंय ना, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, तिथून भरड कापड आणि मलमल येते. गाडीवाटेचं हे एक टोक तुम्ही मला दाखवलंत. दुसरं मी तुम्हाला दाखवते.

पॉम्पेईला रस्त्यांच्या फरशीवर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या आहेत, बोट घालून खोली बघता येते. पावसापाण्यात पाय भिजू नयेत म्हणून रस्ता ओलांडायला मोठे दगड मांडलेत आणि त्यांच्यामधून चाकं जातील एवढी फट ठेवलीय. भट्ट्यांमध्ये दगडी जाती जागच्या जागी आहेत. जळून कोळसा झालेली भाकरीएवढी पाव-रोटी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर आठ फाका पाडलेल्या स्पष्ट दिसतात. घरातल्या माणसांना वाटून द्यायला.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तिथं राखेत दबलेल्या माणसांचे साचे आहेत. देह कुजून राखेत पोकळ्या राहिल्या होत्या, 1863 पासून त्यांत प्लास्टर ओतून ते काढले. मी पहिल्यांदा ते बघितले तेव्हा मला किल्लारी आठवलं, 30 सप्टेंबरची ती पहाट आठवली. ज्वालामुखीच्या सतरा वर्षं आधी, इ. स. 62 मध्ये, तिथं मोठा भूकंप झाला होता आणि लोक अजून पडकी घरं नीट करत होते, हे वाचल्यावर तर मी तिथंच बसले. बाबा, आत्याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही, आणि बोला असा माझा आग्रहही नाही. त्या दालनात तुम्ही यायलाच हवं असं मुळीच नाही. आईला घेऊन तुम्ही बाहेर सावलीत बसा, किंवा आपण तिघंही त्या बाजूला जाणार नाही. तुम्ही तिथं म्हणाल तसं.

राहायचं कसं याची काळजी करू नका. हॉटेल घेतलेलं नाही, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय, लिफ्टचं, संग्रहालयापासून जवळ. कुकर मी आणतेय. आई, तुझी चहापत्ती आणि साखरेऐवजीच्या गोळ्या माझ्या बॅगेत असतील. तांदूळ, डाळी, टोमॅटो, वांगी, हिरव्या पालेभाज्या तिकडं सगळं मिळतं. बाहेर खायचं तर टोमॅटो आणि चीजचा साधा पिझ्झा त्याच गावचा, त्यात मांस-मासे नसतात, आणि राजम्यासारख्या दाण्यांची किंवा हरभऱ्याची पातळ भाजीसारखी पास्ता असते, ती तुला चालेल, फक्त त्यात मांस नाही ना हे मी आधी विचारत जाईन. आणि तुला जे विचारायचंय पण तू विचारणार नाहीस तेही सांगते: इटलीत घराच्या न्हाणीघरात कमोडशेजारी धुण्यासाठी नळाचं वेगळं भांडं असतं. 1975 पासून नव्या घरात ते बसवणं कायद्यानंच सक्तीचं आहे. कागदाची भानगड नाही. एप्रिलमध्ये हवा आपल्या हिवाळ्यासारखी असते, घाम नाही, लातूरचं ऊनही नाही. पॉम्पेईत चाकाच्या खुर्चीनं जाता येईल असा तीनेक किलोमीटरचा सपाट मार्ग केलेला आहे, आपण त्याच मार्गानं जाऊ, मन भरेल तिथं थांबू. दिवसाला एकच ठिकाण. दुपारी जेवून झोपायचं. चौदा ठिकाणं नि पहाटे पाचला बस, असली सहल मला तुमच्यासोबत करायची नाही. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून ते बुधवारी ठेवलंय.

विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवलीय, तिचे पैसे पडत नाहीत. बाबा, तिच्यात बसल्यानं माणूस आजारी ठरत नाही. लांबच लांब चालणं वाचतं, एवढंच. नाही म्हणू नका. युरोपच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो मी त्याहून जास्त रकमेचा काढलाय, आणि तुमच्या हृदयाचं व आईच्या साखरेचं त्यात लिहूनच काढलाय.

आता माझं ऐका, दोघंही.

रोज संध्याकाळी अर्धा तास चालायचं, आजपासून. गंजगोलाईच्या गर्दीत नको, सपाट मोकळ्या रस्त्यावर. आई, चप्पल घालून नाही. दोघांनाही बूट घ्यायचेत, संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात, म्हणजे माप बरोबर येतं. "घरात आहेत की" म्हणाल ते तळ झिजलेले बूट मला ठाऊक आहेत. गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या. सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, मोठ्या बॅगेत एकही नाही. तिकडं घड्याळ साडेतीन तास मागं असतं, गोळीची वेळ मी ठरवून देईन, तुम्ही अंदाजानं घ्यायची नाही.

आई, तूप, खवा, पेढे काही घ्यायचे नाहीत. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, काढून टाकतात आणि तुझा जीव हळहळतो. शेंगदाण्याची चटणी कोरडी कर, ती चालते. धपाटे प्रवासापुरते, दही न घालता. ज्वारीचं पीठ घे, भाकरी तू तिथं करशीलच, मी कितीही नको म्हणाले तरी.

व्हिसासाठी दोघांना एकदा मुंबईला यावं लागेल, बोटांचे ठसे द्यायला. लातूर एक्सप्रेसनं रात्रीचं या, खालचेच बर्थ काढते, मी स्टेशनवर असेन. येताना पासपोर्ट, पेन्शनचं पासबुक आणि लग्नाचा दाखला आणायचा. दाखला कपाटात वरच्या कप्प्यात, निळ्या फायलीत आहे. स्टुलावर चढून काढू नका, दादाला काढायला सांगा.

बुधवारी रात्री फोन करते. ठशांची तारीख तेव्हा सांगेन, आणि बूट घेतले की नाही ते तुम्ही मला सांगायचं.

तुमची
बाळी