व्यायामशाळेतली निवडणूक

डिमॉइन, आयोवा
4 फेब्रुवारी 2020

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं, म्हणून सविस्तर लिहितोय. आई, तू वाचून दाखव.

काल रात्री शेजारच्या आजी-आजोबांबरोबर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसला, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या सभेला, गेलो होतो. मी नागरिक नाही, त्यामुळे मत नाही. भिंतीकडेला बसून नुसतं बघायचं. बाबा, तुम्ही विचारता ना, तिकीट कोण देतं? इथे श्रेष्ठी नाहीत. शाळेच्या व्यायामशाळेत गावातलीच माणसं जमतात आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात. गुप्त मतदान वगैरे काही नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उघड!

आमच्याकडे 240 जण होते. गटात 15 टक्के माणसं नसतील तर तो गट बाद, म्हणजे 36 हवेत. आजोबा सँडर्स यांच्या कोपऱ्यात. आजी क्लोबुशार यांच्या, आणि तिथे भरली 31. मग जी ओढाताण सुरू झाली! ज्यांचे गट टिकले त्यांना हलता येत नाही, पण बाद झालेल्यांना दुसरीकडे जायची मुभा असते. वॉरनवाली एक मुलगी बिस्किटांचा डबा घेऊनच आली. आजोबा लांबून हात हलवून बोलावत होते. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि सरळ बुटिजेज यांच्या गटात जाऊन उभ्या राहिल्या. लग्नाला 46 वर्षं झालीत त्यांच्या.

दाराशी एक शेतकरी भेटला. संध्याकाळपर्यंत रिपब्लिकन होता. तिथेच अर्ज भरून डेमोक्रॅट झाला. आपल्याकडे नोव्हेंबरात पहाटेच्या शपथविधीनंतर तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात, बाबा. इथे एका कागदावर काम होतं आणि कुणी गद्दार म्हणत नाही. मला ते बरं वाटलं, पण तो खरंच बदलला की फक्त ट्रम्प यांना नको तो उमेदवार निवडून द्यायला आला होता, कोण जाणे.

सगळ्या आयोवातून डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, निवडायचे 41, देशभरातले मिळून जवळपास 4 हजार. एवढ्याशासाठी वर्षभर बहुतेक उमेदवार इथे ठिय्या देऊन होते, कारण 1972 पासून सगळ्यात आधी कौल द्यायचा मान आयोवाचा.

येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "कुणीही येवो, नोव्हेंबरातल्या निवडणुकीत मत पक्षालाच." आजोबा काचेबाहेर बघत म्हणाले, "बघू."

निकाल मात्र अजून नाही. आकडे कळवायचं अ‍ॅपच बिघडलं म्हणे. टीव्हीवाले रात्रभर रिकाम्या नकाशासमोर उभे. तेव्हा बाबा, बायडन यांच्यावरची तुमची पैज अजून तरी शाबूत आहे. आमच्याकडे त्यांची माणसं जेमतेम 37 भरली, तीही शेवटच्या दोघांना खुर्चीवरून उठवून.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? ते आधी कळवा.

तुमचा,
राजू