पुनर्वसन वसाहतींना मोकळी जागा द्या

मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत अनेक इमारतींमधले अंतर जेमतेम 3 मीटर असून, खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या सूर्यप्रकाशाशी आणि कोंदट हवेशी असल्याचे दिसून आले होते. इमारतींमधल्या चिंचोळ्या पट्टीत कचरा व सांडपाणी साचते, म्हणून रहिवासी खिडक्याही बंद ठेवतात. मग मुलांनी खेळायचे आणि वृद्धांनी उन्हात बसायचे तरी कुठे? औषधे नियमित घेणारा रुग्णही त्याच अंधाऱ्या खोलीत परततो, हे अत्यंत क्लेशदायक आहे. यापुढे सावलीची झाडे असलेले मैदान तयार झाल्याशिवाय कोणत्याही पुनर्वसन इमारतीला शासनाने भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

– एक नागरिक, चेंबूर, मुंबई