उन्हाळ्यातले दहा आठवडे

महोदय,

अमेरिकेतील एका विद्यापीठात मी फळमाशांच्या मेंदूवर संशोधन करते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळ अमेरिकी समाजातले पदवीचे विद्यार्थी दहा आठवड्यांसाठी येतात. त्यांना विद्यावेतन मिळतं, राहण्याची सोय होते. याला खैरात म्हणणारे आपले मराठी स्नेही भेटतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या वर्षीची मुलगी आधीच्या सुट्ट्यांत गोदामात खोकी भरत होती. एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं, पण बिनपगारी. घरभाडं कोण देणार? आमच्याकडे तिचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचा प्रयोग, तीन आठवडे सारखा फसला. शेवटी प्रायमरच्या, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या, विरलीकरणातली चूक तिनेच शोधली. तपासणीच्या जेलवर डीएनएची पट्टी उमटली, म्हणजे प्रयोग जमला, तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती बघत उभी होती.

संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा ‘आरईयू’ (रिसर्च एक्सपीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स) कार्यक्रम १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना असं विद्यावेतनासह काम देतो. तो सर्व समाजांतल्या मुलांना खुला आहे. अट नागरिकत्वाची किंवा कायम वास्तव्याची. इथे अमेरिकेतल्या मराठी प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा मुलांना घ्या, आणि फुकट राबवू नका.

– एक संशोधिका