गाळाचे टन मोजले, मोरीचे तोंड कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतील नालेसफाईचे आकडे वृत्तपत्रांत नेमाने येतात : अमुक नाल्यातून इतके मेट्रिक टन गाळ काढला, उद्दिष्टाच्या इतके टक्के काम झाले. ठेकेदाराला पैसे वजनावर मिळत असल्याने वजनकाटा, डंपरच्या फेऱ्या आणि चित्रीकरण यांभोवतीच सारी चर्चा फिरते. मिठी नदीतील गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, तेव्हा तर या चर्चेला आणखी धार आली. चौकशी तडीस जायलाच हवी. परंतु उद्या प्रत्येक टन प्रामाणिकपणे मोजला गेला, तरी जुलैतल्या एखाद्या दुपारी तासाभरात रस्ता पाण्याखाली का जातो, याचे उत्तर त्या आकड्यांत सापडणार नाही.

नाल्यातून जाणाऱ्या ऐवजाचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात आणि दोघांची चाल वेगळी असते. गाळ, रेती, राडारोडा हे जड. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तळाशी बसू लागतात. मुंबईचा बराच भाग भराव घालून केलेला, सपाट आणि समुद्रसपाटीलगतचा असल्याने भरतीच्या वेळी नाल्याच्या मुखाकडील प्रवाह मंदावतो आणि गाळ तेथे वर्षभर साचत राहतो. तो पावसाळ्यापूर्वी काढता येतो. दुसरा प्रकार तरंगत्या कचऱ्याचा. तो मे महिन्यात काठावर, गल्लीबोळांत, बांधकामांच्या आवारात पडून असतो. पहिल्या जोरदार सरीबरोबर नाल्यात उतरतो आणि काही मिनिटांत पहिली अरुंद जागा गाठतो. ३१ मेपर्यंत कितीही गाळ उपसला, तरी या कचऱ्याला त्याचा अडथळा होत नाही.

आमच्या वस्तीजवळच्या रस्त्याखालील मोरीपाशी हे दर पावसाळ्यात पाहायला मिळते. मोरीच्या तोंडासमोरूनच एक जलवाहिनी आणि केबलचे पाइप आडवे गेले आहेत. आधी एखादी नारळाची झावळी त्यांत अडकते. मग तिच्यावर फाटकी गादी, थर्माकोलचे तुकडे, चिंध्या आणि २०१८ पासून बंदी असलेल्या पिशव्या येऊन चिकटतात, आणि शेवटी गढूळ पाण्यातली माती उरलेल्या फटी लिंपून टाकते. नुसत्या पिशव्या असत्या, तर बहुतेक वाहून गेल्या असत्या. लांब वस्तूचा आधार मिळाल्यावरच हा बांध उभा राहतो, आणि पाणी जितके चढते तितका दाबाने तो अधिक घट्ट बसतो. अशा वेळी रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी कठड्याला टेकलेले असते, तर खालच्या अंगाला नाला निम्माही भरलेला नसतो. भरतीमुळे पाणी तुंबले असते, तर आधी खालची बाजू भरली असती. पातळीतला हा फरक डोळ्यांसमोर असताना ‘मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले’ हा ठरलेला खुलासा पटणे कठीण जाते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापुढे कोणतीही व्यवस्था तोकडीच पडली असती. त्यानंतर मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याविषयीच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालातील कामांना गती मिळाली, ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर पावसाचे पाणी वाहून नेण्याचे उद्दिष्ट ठरले, हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह येथे पंपांनी पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभी राहिली. मात्र हा सारा हिशोब मोऱ्या पूर्ण उघड्या आहेत असे धरून केलेला असतो. वाटेतच अडलेले पाणी पंपापर्यंत पोहोचणार कसे?

मोरीपुढे जाळी बसवणे हा उपाय नेहमी सुचवला जातो. तो योग्य आहे, पण तोंडालगत उभी ठोकलेली जाळी तासाभरात स्वतःच बांध होते. जाळी तिरकी हवी, म्हणजे कचरा तिच्यावरून वर सरकतो आणि खालून पाण्याला वाट राहते. ती मोरीपासून थोडी अलीकडे, यंत्राचा हात पोहोचेल अशा जागी हवी. आणि ऐन पावसात ती रिकामी करणारी पाळी नेमलेली हवी. हे काम काठावरून यंत्रानेच व्हावे. गटारांत माणसे उतरवून जीव घालवण्याच्या प्रकारांवर २०१३ चा कायदा आहे, त्याची आठवण येथे करून द्यावी लागते हेच दुर्दैव. रस्त्याकडेच्या जाळ्यांचेही तेच : त्या प्लास्टिकने बुजल्या की पाणी ओसरावे म्हणून कोणीतरी मॅनहोलचे झाकण उचलते, आणि त्याची किंमत काय असते हे मुंबईने २९ ऑगस्ट २०१७ रोजी एका नामवंत डॉक्टरांच्या मृत्यूने पाहिले आहे.

माझी महापालिकेला विनंती मर्यादित आहे. प्रत्येक प्रभागातील अडणाऱ्या मोऱ्यांची यादी, त्यांच्या तोंडांच्या मोजमापांसह, प्रसिद्ध करावी. दोन्ही अंगांना पातळीच्या खुणा रंगवाव्यात आणि मोठ्या पावसात दोन्हींची नोंद ठेवावी. फरक वाढला की मोरी तुंबली, हे समजायला गाळाचा वजनकाटा लागत नाही. ठेकेदाराच्या देयकाचा काही भाग या नोंदींशी जोडावा. आणि तोंडासमोरचे आडवे पाइप पावसाळ्यानंतर वर उचलून घ्यावेत. केबलवाल्या कंपन्यांशी पत्रव्यवहार करावा लागेल हे खरे, परंतु जलवाहिनी पालिकेच्याच दुसऱ्या खात्याची आहे; तेवढ्यापुरती तरी बाहेरच्या कोणाची परवानगी लागू नये.

आपला,
एक वाचक, कुर्ला (मुंबई)