मासळीबाजारातल्या हमालाच्या पोराची बोली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या ज्येष्ठ अभिनेत्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मायकेल केन यांच्या वाट्याला त्यात जेमतेम तीन गोष्टी आल्या आहेत : बॅटमॅनच्या घरचा म्हातारा बटलर, दोन ऑस्कर आणि २०२३ मधली निवृत्ती. यातलं काहीही चुकीचं नाही. पण केन यांनी इंग्रजी पडद्यावर जो बदल घडवला तो आपल्या बोलण्याने घडवला, आणि त्याचा लेखात साधा उल्लेखही नाही. ते वाचून चैन पडेना, म्हणून हे पत्र.

केन यांचा जन्म १४ मार्च १९३३ चा, दक्षिण लंडनमधल्या रॉदरहाइथचा. खरं नाव मॉरिस मिकलव्हाइट. वडील बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात हमाल, आई लोकांच्या घरी स्वयंपाक आणि झाडलोट करायची. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा इतर हजारो मुलांबरोबर या पोरालाही खेड्यात धाडलं गेलं. युद्धानंतर कुटुंबाला एलिफंट अँड कॅसल भागात सरकारने उभारलेलं तात्पुरतं घर मिळालं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग सक्तीची लष्करी सेवा आणि तीही थेट कोरियाच्या युद्धात, आघाडीवर. परत आल्यावर हॉर्शमच्या एका नाटक मंडळीत पडेल ते काम करत ते उभे राहिले. १९५४ मध्ये नवं नाव हवं म्हणून एजंटने फोनवरच विचारलं, तेव्हा लेस्टर स्क्वेअरच्या टेलिफोन बूथमधून समोरच्या थिएटरवर ‘द केन म्युटिनी’ची पाटी दिसली आणि त्यातलं ‘केन’ त्यांनी उचललं. पुढची जवळजवळ दहा वर्षं दौऱ्यांची, दूरदर्शनवरच्या किरकोळ भूमिकांची आणि फाक्यांची. त्यातच पहिला संसार मोडला. मुलाचं नाव झालेलं पाहायला वडील राहिले नाहीत, ते १९५६ मध्येच गेले.

आता बोलीचं. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतली कॉकनी बोली म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळणारी आणि स्वर पसरट करणारी. त्या काळच्या इंग्रजी सिनेमात ही बोली बोलणारा माणूस एक तर नोकर, नाही तर साधा शिपाई, नाही तर भुरटा चोर असायचा. त्याने प्रेक्षकांना हसवायचं आणि बाजूला व्हायचं. नायकाच्या तोंडी मात्र बड्या शाळांतली घोटीव इंग्रजी.

१९६४ च्या ‘झुलू’साठी केन गेले ते अशाच एका कॉकनी शिपायाच्या भूमिकेसाठी. ती आधीच दुसऱ्याला दिलेली होती. ते परत निघाले तेव्हा दिग्दर्शक साय एंडफील्ड यांनी हाक मारून विचारलं, खानदानी अधिकाऱ्यासारखं बोलता येईल का? नाटकांमुळे तेही येत होतं. अशा रीतीने हमालाच्या मुलाला लेफ्टनंट ब्रॉमहेडची भूमिका मिळाली. एंडफील्ड अमेरिकन होते. इंग्रज दिग्दर्शकाने हे धाडस केलंच नसतं, असं केन आयुष्यभर सांगत आले आणि मला ते पूर्ण पटतं. केन कोणत्या गल्लीतून आलेत हे इंग्रज कानाला पहिल्याच वाक्यात कळलं असतं, अमेरिकन कानाला त्याचं ओझं नव्हतं.

खरी कमाल त्यानंतरची आहे. साहेबी इंग्रजी बोलून यश मिळालं, तर दुसरा कोणी तीच धरून बसला असता. केन पुढच्याच वर्षी ‘द इप्क्रेस फाइल’मध्ये हेर झाले ते आपल्या बोलीत. चष्मा लावणारा, बाजारहाट करून स्वतः स्वयंपाक करणारा, वरिष्ठांकडे पगारवाढीचा विषय काढणारा हेर! तोवर जेम्स बाँड हाच हेर माहीत असलेल्या प्रेक्षकांनी हा चाकरमान्या हॅरी पामर आपला मानला. मग १९६६ चा ‘अल्फी’. त्यात नायक थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघून बोलतो आणि बोलतो ते घरच्या भाषेत. अमेरिकेत दाखवण्यासाठी त्यातले काही संवाद त्यांना अधिक स्पष्ट उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले होते. ऑस्करचं पहिलं नामांकन याच भूमिकेला मिळालं.

हे सगळं त्यांनी एकट्याने केलं असं मी म्हणणार नाही. सॅल्फर्डचे अल्बर्ट फिनी, हलच्या गोदीकाठचे टॉम कोर्टनी आणि केन यांचे एके काळचे खोलीसोबती टेरेन्स स्टॅम्प हे सारे नट त्याच पिढीचे, तशाच घरांतले. पण ती बोली घेऊन इतकी दीर्घकाळ लोकप्रियता टिकवली ती केन यांनीच.

१९७२ च्या ‘स्लूथ’मध्ये ते आणि इंग्रजी रंगभूमीचे दिग्गज लॉरेन्स ऑलिव्हिए, बस्स, दोघांवर अख्खा सिनेमा. ऑलिव्हिए तोवर लॉर्ड झालेले. त्यांना हाक काय मारायची, हा प्रश्न केन यांना पडणार हे ओळखून त्यांनी आधीच पत्र धाडलं की मला लॅरी म्हणा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी दोघांचंही नामांकन झालं. आपल्या सईद जाफरींबरोबरचा ‘द मॅन हू वुड बी किंग’ १९७५ चा. त्यात केन यांच्या पत्नी, गयानात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या शकिरा याही आहेत.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम १९८३ च्या ‘एज्युकेटिंग रीटा’मधलं. दाढी वाढलेला, दारूत बुडालेला, शिकवण्यावरची श्रद्धा उडालेला प्राध्यापक त्यांनी उभा केला. त्याच्याकडे शिकायला येते ती केस कापणारी कामगार वस्तीतली मुलगी, ज्युली वॉल्टर्स. तिच्या जागी एके काळी केन स्वतः होते आणि इथे ते टेबलाच्या पलीकडे बसले आहेत. ती साहेबी बोलायला शिकून येते तेव्हा प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर जो हळहळीचा भाव उमटतो, तो ज्याने हे भोगलं आहे त्यालाच साधेल. त्याकरता त्यांना शब्दांची गरज पडत नाही. १९८७ मध्ये बीबीसीवर तरुण नटांना शिकवताना त्यांनी हेच सांगितलं होतं : क्लोज-अपमध्ये पापणी विनाकारण लवू द्यायची नाही आणि समोरच्याच्या एकाच डोळ्यात बघायचं, नजर या डोळ्यावरून त्या डोळ्यावर हलवायची नाही. नट म्हणून धडपडणाऱ्या प्रत्येकाने ते चित्रण बघावं.

त्यांनी सुमार चित्रपटही ढिगाने केले. पहिलं ऑस्कर मिळालं त्या रात्री ते ‘जॉज’च्या चौथ्या भागाच्या चित्रीकरणात अडकलेले होते. समीक्षकांनी यावरून त्यांना पुष्कळ झोडपलं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. रोजंदारीवर चालणाऱ्या घरातला मुलगा चालून आलेल्या कामाला नाही म्हणत नाही.

आणि आपल्या लेखातला तो बटलर! केन यांनी त्या आल्फ्रेडला खानदानी नोकराचा आवाज दिलेला नाही. हा एके काळचा लष्करी सार्जंट आहे असं मनाशी ठरवून, आपल्या सैन्यातल्या सार्जंटचा आवाज त्यांनी त्याला दिला. त्या गडगंज महालातही शेवटी त्यांचीच बोली घुमली. २००० साली सर किताब मिळाला तोही त्यांनी सर मॉरिस मिकलव्हाइट म्हणून घेतला, आणि मॉरिस हे त्यांच्या वडिलांचंही नाव. निवृत्तीआधीच्या ‘द ग्रेट एस्केपर’मध्ये सोबत ग्लेंडा जॅक्सन आहेत, गवंड्याची मुलगी. चित्रपट लागण्याआधीच त्या गेल्या. तो लागल्यावर काही दिवसांतच नव्वद वर्षांच्या केन यांनीही थांबत असल्याचं जाहीर केलं.

हौशी रंगभूमीवर माझी बरीच वर्षं गेली. नायकाला प्रमाण भाषा आणि गड्याला बोली, ही वाटणी मी तालमींत पाहिली आहे आणि आजच्या मालिकांतही पाहतो. मिरजेकडची, वऱ्हाडातली, मालवणातली गुणी मुलं आपला सूर पुसून टाकायला आधी शिकतात, मग अभिनय. त्यांना केन माहीत व्हायला हवेत.

म्हणून विनंती अशी की पुरवणीत त्यांच्यावर एक पानभर लेख द्यावा आणि त्यात ‘इप्क्रेस फाइल’, ‘अल्फी’ व ‘रीटा’बद्दल सविस्तर लिहावं. आमच्या भागातल्या फिल्म सोसायट्यांनीही ‘एज्युकेटिंग रीटा’चा एक खेळ लावावा, शक्य झाल्यास मराठी उपशीर्षकांसह. उपशीर्षकांच्या कामात हातभार लावायला मी तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक, मिरज