क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: शाळेचे नियम जिमच्या दारात का संपतात?

मा. मंत्री महोदय,
क्रीडा व युवक कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतला चिमुरड्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि सरकारने लगोलग शाळांसाठी शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेतली सखी-सावित्री समिती. यातलं प्रत्यक्षात किती उतरलं हा वेगळा विषय, पण निदान मुख्याध्यापकांसमोर बसून विचारायला आमच्या हातात एक कागद आला.

माझी मुलगी शाळेतून येते, चार घास खाते आणि संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सच्या हॉलवर जाते. तिथे तिला आई-वडिलांपेक्षा सरांचा शब्द मोठा. त्या हॉलसाठी मात्र असा कुठलाही कागद मला आजवर कुणी दाखवलेला नाही. ठाणे जिल्ह्यात राहणारी एक पालक म्हणून मी हे लिहिते आहे. आमच्या भागात रिदमिक आणि आर्टिस्टिक, जिम्नॅस्टिक्सच्या या दोन्ही प्रकारांचे वर्ग भरभरून चालतात.

खरं तर नवा कायदा मागायची गरजच नाही. पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचे, 2020 चे नियम काढून पाहावेत. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी असं त्यात आहे, आणि शाळा व पाळणाघरांच्या जोडीला 'क्रीडा अकादमी' हे शब्द तिथे स्पष्ट लिहिलेले आहेत. राज्याने बाल संरक्षण धोरण करावं आणि अशा संस्थांनी ते स्वीकारावं, हेही त्याच नियमात. आपल्या जिल्ह्यांतल्या किती क्लबांकडे पडताळणीचे दाखले आहेत, एवढं एकदा मागवून पाहावं. क्लब ही कागदोपत्री धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था असते, हॉल महापालिकेचा किंवा क्रीडा संकुलाचा असतो, संलग्नता संघटनेची असते. या तिघांपैकी विचारायचं कुणी, हे ठरलेलं नसल्यामुळे कुणीच विचारत नाही.

पण पडताळणीने गुन्हेगार अडेल. रोज हॉलमध्ये जे चालतं त्यातलं बरंचसं गुन्ह्यात बसतच नाही. स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकवणं, पूर्ण बसत नाही म्हणून मुलीच्या मांड्यांवर वजन टाकून दाबणं. रडू आलं की 'नाटकं बंद कर' म्हणणं. सगळ्या बॅचसमोर वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचणं. पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला परवानगी लागणं. मनगट दुखतंय म्हटल्यावर पट्टी बांधून पुन्हा व्हॉल्टवर, म्हणजे हात टेकून उडी मारायच्या साधनावर, पाठवणं. वाढीच्या वयात मनगटाच्या हाडाला टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिच्यावर पुन्हा पुन्हा भार आला की ती दुखावते, आणि सतत मागे वाकण्याने कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. हे ऑर्थोपेडिक डॉक्टर सांगतात. हॉलमध्ये त्याला आळस म्हणतात.

ब्रिटनमध्ये हे सगळं सरकारी पैशांतून झालेल्या चौकशीत नोंदलं गेलं. अॅन व्हाइट या बॅरिस्टरांचा अहवाल जून 2022 मध्ये आला. चारशेहून अधिक लोकांनी त्यांच्याकडे म्हणणं मांडलं होतं, आणि वर लिहिलेल्यातलं जवळजवळ सगळं त्यात सापडतं. पुढच्याच वर्षी तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघटनेने नियम केले: दहा वर्षांखालच्या मुलांचं वजन करायचंच नाही, आणि प्रशिक्षकाने तर कुणाचंच करायचं नाही. मला हे आवडलं, कारण यात मोठमोठे शब्द नाहीत. काय करायचं नाही, ते नऊ वर्षांच्या मुलीलाही कळतं.

अमेरिकेत लॅरी नासार या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने उपचाराच्या नावाखाली मुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण 2016 मध्ये इंडियानापोलिसच्या एका वृत्तपत्राने बाहेर काढलं. 2018 मध्ये त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून अधिक जणींचे जबाब न्यायालयाने ऐकले होते. त्याआधीही मुली बोलल्या होत्या. पण ज्यांच्याकडे बोलल्या ते त्याच वर्तुळातले होते, आणि विषय तिथेच जिरला. आपल्याकडे वर्तुळ आणखी लहान. सर संस्थापक, सरांच्या पत्नी अध्यक्षा, मेहुणे सचिव. तक्रारपेटी ठेवली तरी तिची किल्ली कुणाकडे असणार?

तेव्हा तक्रार ऐकणारी व्यक्ती क्लबबाहेरची हवी, एवढा एक मुद्दा तरी आपण सोडू नये अशी विनंती आहे.

स्पर्शाबद्दलही मोकळेपणाने लिहायला हवं. या खेळात प्रशिक्षकाचा हात लागणारच. बीमवर किंवा बारवर नवी उडी शिकवताना सपोर्टचा हात क्षणभर चुकला तर मूल मानेवर पडेल. मग कुठला हात सपोर्टचा आणि कुठला नाही, हे पालकांसमोर, मुलांसमोर आधीच सांगून ठेवायला काय हरकत आहे? बंद खोलीत एकट्याने मसाज नको, रात्री मुलीच्या मोबाइलवर खासगी मेसेज नको, लिओटार्डमधल्या, म्हणजे खेळाच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखातल्या, मुलींच्या रील्स पालकांना न विचारता टाकायच्या नाहीत. चांगल्या शिक्षकाला याचा त्रास होत नाही, उलट खोट्या आळापासून संरक्षण मिळतं. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. अशी आयुष्यं घालवलेली माणसं आपल्या व्यायामशाळांत आहेत, आणि अशा नियमांच्या कागदावर सही करायला ती नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

आता आमच्याकडे, म्हणजे पालकांकडे. दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण, ही धोरणं चांगल्या हेतूची आहेत. पण त्यांनी आमच्यातल्या काहींचं डोकं फिरवलं आहे. आरक्षणातली नोकरी मिळवायला काढलेल्या ट्रॅम्पोलिन खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण आपल्या खात्याला मी सांगायला नको. जन्मतारखेत फेरफार, वेदनाशामक गोळी देऊन मुलीला उतरवणं, गॅलरीतून दुसऱ्याच्या मुलीला हिणवणं, गुण कमी मिळाले की पंचांच्या टेबलापर्यंत धावत जाणं, आणि रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांची धुलाई. प्रशिक्षकांना नियम लावायचे आणि आम्हाला मोकळं सोडायचं, हे चालणार नाही. पंचांचंही तेच. जिल्हा पातळीवर पंच कमी पडतात म्हणून ज्याच्या विद्यार्थिनी उतरल्या आहेत तोच गुण द्यायला बसलेला दिसतो. मोठ्या मुली धाकट्यांना बॅगा उचलायला लावतात, ती गंमत कुठवर, हेही कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

आपल्या हातात तीन चाव्या आहेत. क्रीडा संकुलातल्या हॉलचा करार, व्यायामशाळा विकासाचं अनुदान आणि शालेय स्पर्धांची प्रवेशिका, तिन्ही जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावरून जातात. पोलीस पडताळणीचे दाखले आणि प्रशिक्षक, पदाधिकारी, पालक या सगळ्यांनी सही केलेले मराठीतले वर्तन नियम जोडल्याशिवाय यातलं काहीही पुढे सरकू नये. तेच नियम हॉलच्या भिंतीवर असावेत. खाली दोन क्रमांक: मुलांच्या मदतीसाठीचा 1098, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयातल्या एका नेमून दिलेल्या महिला अधिकाऱ्यांचा. बाहेरगावी मुलींचा संघ जाताना महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक सोबत हवीच. एका सायकलपटूच्या तक्रारीनंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 2022 मध्ये मोठ्या खेळाडूंसाठी हे सक्तीचं केलं, मग दहा-बारा वर्षांच्या मुलींना ते का नसावं?

आणखी एक. चौकशीनंतर काढलेला प्रशिक्षक पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात नवी बॅच सुरू करतो, आणि तिथल्या पालकांना काही ठाऊक नसतं. अशांची नोंद सर्व जिल्हा कार्यालयांत फिरली पाहिजे.

केंद्राच्या 2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित खेळाच्या धोरणाची भाषा आहे. ती राष्ट्रीय महासंघांपासून झिरपत आमच्या हॉलपर्यंत यायची वाट पाहिली तर माझी मुलगी कॉलेजात गेलेली असेल. प्रवेशिकेच्या नमुन्यात दोन रकाने वाढवायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. बालेवाडीच्या क्रीडा आयुक्तालयातून आयुक्तांचं एक परिपत्रक निघालं तरी पुरे, आणि येत्या हंगामाच्या प्रवेशिका छापायच्या आधी ते निघावं, ही विनंती.

आपली,
एका जिम्नॅस्टची आई
ठाणे जिल्हा